चांदई पुढे आली : व्हिक्टोरियन घरे आणि त्यांतल्या कचेऱ्या

पुणे–सातारा रस्त्यावर कापूरहोळ मागे टाकले की भोर तालुक्यातले किकवी लागते. हे माझे गाव. गावातली जुनी घरे आणि पुणे, महाबळेश्वर, माथेरान इथले साहेबांचे जुने बंगले यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. पण छप्पर काढून नुसता सांगाडा डोळ्यांपुढे आणला, तर दोन्हीकडे एकच रचना दिसते. मधोमध आढे, त्यावरून दोन बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौले. दोन पाखांचे साधे छप्पर. फरक आहे तो घराच्या तोंडाचा. आमच्या गावातले घर रस्त्याकडे पाख करून उभे असते. साहेबाचा बंगला रस्त्याकडे त्रिकोण करून उभा असतो.

आढ्याखाली, दोन पाखांच्या मध्ये, बाजूच्या भिंतीवर जो त्रिकोण उरतो त्याला आपल्याकडे चांदई म्हणतात. इंग्रजीतला शब्द गॅबल. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी घराची ओळखच या गॅबलने होते आणि तशी अनेक घरे पुढे आपल्याकडे कार्यालये झाली. कुठे सरकारी खाते आले, कुठे संस्था, कुठे विद्यापीठ. राहते घर कचेरी कसे होते, त्यात घराचे काय होते आणि कचेरीचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. तो नुसता वास्तुशास्त्राचा नाही. घराच्या कोणत्या दाराने कोण आत येत होते, हा प्रश्नही त्यात आहे.

चांदईची दिशा

आमचे थोरले चुलते सुतारकाम करत. चांदईबद्दल त्यांचे एकच सांगणे असे : चांदई म्हणजे घराची उघडी कूस, ती पावसाला दाखवायची नाही. यात अनुभवाचे शहाणपण आहे. दोनपाखी छपराचे पाणी पाखांवरून वळचणीला येते आणि पागोळ्या होऊन खाली पडते. वळचण पुढे काढलेली असल्याने तिच्याखालची भिंत कोरडी राहते. चांदईच्या बाजूला मात्र असे आच्छादन नसते. तिथे छप्पर भिंतीबरोबरच संपते आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस सरळ त्रिकोणावर बसतो. भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असेल तर चार पावसाळ्यांत तिची माती सुटते.

म्हणून आपल्याकडच्या कारागिरांनी दोन वाटा काढल्या. एक, चांदई शेजाऱ्याच्या चांदईला भिडवायची, म्हणजे दोघांनाही आडोसा मिळतो. गावातली घरांची ओळ अशीच तयार होते. दुसरी, जास्त पावसाच्या भागात चांदईच काढून टाकायची आणि चारही बाजूंना पाखे उतरवून चौपाखी छप्पर करायचे. भोरपासून पश्चिमेला, सह्याद्रीच्या अंगाला जावे तशी ही दुसरी पद्धत वाढताना दिसते. दोन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. घराचे तोंड म्हणजे पाखाची बाजू. तिथे पडवी, तिथे ओसरी, तिथेच माणसे बसणार. त्रिकोणाला तोंडाचा मान कधी मिळाला नाही. त्यात फार तर एखादा झरोका, धूर जायला.

इंग्लंडातला त्रिकोण

इंग्लंडात चांदई पुढे असणे नवे नव्हते. मध्ययुगातल्या गावांत जागा अरुंद आणि खोल असे. घराची रुंदी रस्त्याकडे कमी, म्हणून त्रिकोण रस्त्याकडे. पुढे अठराव्या शतकात श्रीमंतांच्या घरांवर ग्रीक-रोमन शैलीची छाप पडली. सपाट, प्रमाणबद्ध दर्शनी भिंत आणि तिच्यामागे लपवलेले छप्पर, अशी ती पद्धत. व्हिक्टोरिया राणी 1837 साली गादीवर आली, तोवर या पद्धतीचा कंटाळा येऊ लागला होता.

बदलाचा मोठा प्रवक्ता म्हणजे ऑगस्टस प्युजिन. ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीचे गॉथिक तपशील त्याच्या हातचे. इमारतीने आपली रचना लपवू नये, छप्पर उतरते असेल तर ते उतरतेच दिसावे, असा त्याचा आग्रह होता. पुढे जॉन रस्किनने याच विचाराला नैतिक धार दिली. 1859 साली फिलिप वेबने विल्यम मॉरिससाठी बांधायला घेतलेले 'रेड हाउस' या विचाराचे घरगुती रूप मानले जाते : लाल वीट, चढे कौलारू छप्पर आणि न लपवलेल्या चांदया.

विचार एकीकडे आणि बाजार दुसरीकडे. वाफेवर चालणाऱ्या करवतींमुळे लाकडाची नक्षी स्वस्त झाली. चांदईच्या दोन उतरत्या कडांवर वाशांची टोके झाकण्यासाठी फळी मारतात. त्या फळीला झालरीसारखी नक्षी कापून देणे आता कोणाही मध्यमवर्गीय घरमालकाला परवडू लागले. त्रिकोणाच्या टोकाला लाकडी सुळका, मधे गोल खिडकी, खाली पुढे आलेली खिडकीची पेटी. आज आपण ज्याला 'व्हिक्टोरियन' म्हणून ओळखतो तो चेहरा असा बनला.

या चेहऱ्यामागचे घर कसे होते, हे रॉबर्ट कर या वास्तुविशारदाच्या 'द जंटलमन्स हाउस' या 1864 सालच्या पुस्तकातून कळते. सभ्य गृहस्थाच्या घरात कुटुंबाचा वावर आणि नोकरांचा वावर एकमेकांना दिसता कामा नये, हे या पुस्तकाचे एक मुख्य सूत्र. त्यासाठी वेगळे जिने, वेगळे बोळ, वेगळी दारे. स्वयंपाकघर इतके दूर की वास येऊ नये आणि इतके जवळ की जेवण गार होऊ नये. बाहेरच्या चेहऱ्यावर प्रामाणिकपणाचा आग्रह आणि आतल्या नकाशात लपवाछपवी, असा हा जोड होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

घर आणि कचेरी यांची सरमिसळही इंग्लंडातच सुरू झाली होती. नॉर्मन शॉ याने लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर 1870 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'न्यूझीलंड चेंबर्स' ही व्यापारी कार्यालयांची इमारत बांधली. तिला त्याने मुद्दाम जुन्या घराचा चेहरा दिला. कचेरीत जाणाऱ्या माणसाला आपण एखाद्या भल्या घरी जात आहोत असे वाटावे, ही त्यातली युक्ती. म्हणजे घरे कचेऱ्या होण्याच्या आधीच कचेऱ्यांनी घराचे सोंग घ्यायला सुरुवात केली होती.

इथे आल्यावर

हिंदुस्थानात हा त्रिकोण आला तेव्हा त्याला इथल्या उन्हापावसाशी जुळवून घ्यावे लागले. 'बंगला' हा शब्दच मुळात बंगाली घरावरून आलेला. एकमजली, भोवती व्हरांडा, वर उतरते छप्पर. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तो साचा उचलला आणि देशभर नेला. व्हिक्टोरियन काळात या साच्याच्या तोंडावर चांदई बसली.

ती बसवताना केलेले तीन बदल महत्त्वाचे आहेत. पहिला, चांदईपुढे खोल पोर्च आला. गाडी खाली उभी राहावी ही सोय तर होतीच, पण त्यामुळे मुख्य भिंत पावसापासून वाचली. दुसरा, त्रिकोणातल्या शोभेच्या खिडकीच्या जागी लाकडी झिलमिली आली. तिरक्या पट्ट्यांची ही जाळी पाऊस अडवते आणि हवा सोडते. खोलीतली तापलेली हवा वर चढते, आढ्याखाली साठते आणि दोन्ही टोकांच्या झिलमिलींतून बाहेर पडते. छत उंच ठेवण्याचे कारणही हेच. विलायतेत जो त्रिकोण चेहरा होता तो इथे घराचे नाक झाला. तिसरा बदल छपरात झाला. जाड वाशांच्या जागी लाकडाच्या त्रिकोणी कैच्या आल्या. त्यामुळे मधल्या खांबांशिवाय मोठी दालने झाकता येऊ लागली.

कौलांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडची जुनी नळीची कौले कुंभाराच्या चाकावर घडत आणि नुसती एकमेकांवर रचलेली असत. माकडे, मांजरे, वारा यांनी ती सरकत. म्हणून दरवर्षी मृगाआधी घर शाकारावे लागे. 1865 साली बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबलेले, एकमेकांत अडकणारे हे मंगलोरी कौल हलके आणि सारखे असे. काही वर्षांत ते पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढून वर आले. आज आपण ज्याला 'इंग्रजी बंगल्याचे कौल' समजतो ते असे दक्षिण कन्नड मातीचे आहे. आणि ज्याला आपण 'आपले गावाकडचे कौलारू घर' म्हणतो त्यावरही बहुधा तेच कौल असते. देशी काय आणि विलायती काय याची सरळ वाटणी छपरावर तरी करता येत नाही.

मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या आवारातला अधिष्ठात्यांचा बंगला या घडणीचा ओळखीचा नमुना आहे. लाकडी बांधणी, उतरते छप्पर, झाडांच्या सावलीत. रुड्यार्ड किपलिंगचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी याच आवारात झाला. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग इथे शिकवत होते. आज उभा असलेला बंगला मात्र त्या जन्मानंतरचा आहे. ही बारीक गोष्ट सांगण्याचे कारण असे की जुन्या घराची किंमत आपण बहुधा त्यात कोण जन्मले यावर ठरवतो. घर स्वतः काय सांगते, हे ऐकायचे राहून जाते.

सदर आणि माजघर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राहते घर इतक्या सहज कचेरी कसे होते? माझे उत्तर असे की ते आधीपासूनच अर्धी कचेरी असते.

आपला वाडा आठवावा. दिंडी, देवडी, पहिला चौक, सदर. सदरेवर लोड-तक्के टाकून कारभार चाले. हिशेब, निवाडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस, दप्तराचे रुमाल. त्याच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि बायकांचा वावर असलेला मागचा चौक. सदर आणि माजघर यांच्यातला उंबरठा ही वाड्यातली खरी सीमा. बाहेरचा माणूस सदरेपर्यंत, घरचा माणूस आतपर्यंत.

भोरच्या पंतसचिवांचा राजवाडा 1869 सालचा. किकवीहून तो जवळ. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे त्याचे चौक आणि खांब देशभर दिसले आहेत. वाड्याचा नकाशा जुना, चौकांभोवती फिरणारा. दर्शनी भागावर मात्र विलायती धाटणीची छाप. संस्थानिकाचे घर म्हणजे घरही आणि संस्थानाचे सरकारही. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि सदरेचे काम संपले.

साहेबाच्या बंगल्याचीही वाटणी अशीच होती. पुढचा व्हरांडा म्हणजे त्याची सदर. तिथे अर्जदार ताटकळत, शिपाई बसे, टपाल येई. जिल्ह्याच्या साहेबाची एक खोली घरातली कचेरी असे. आत दिवाणखाना, जेवणाची खोली, झोपण्याच्या खोल्या. मागे, वेगळ्या छपराखाली, स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या. पंखा ओढणारा माणूस व्हरांड्यात आणि पंखा आत. दोरी भिंतीतल्या भोकातून जाई. कर याने पुस्तकात सांगितलेली लपवाछपवी इथे वंशभेदाच्या आधाराने आणखी पक्की झाली होती.

म्हणून घराची कचेरी होते तेव्हा नवे काही येत नाही. सदर माजघर गिळते, एवढेच. जी सीमा उंबरठ्यावर होती ती आत सरकते. झोपण्याच्या खोलीत लेखाविभाग येतो, जेवणाच्या खोलीत बैठका भरतात. जिथे घरच्यांशिवाय कोणी जात नसे तिथे आता कोणीही अर्ज घेऊन जाऊ शकतो.

गणेशखिंडीचे घर

या गिळण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पुण्यातले गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला येत. त्यांचे आधीचे घर दापोडीला होते. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, 1864 साली, गणेशखिंडीत नवे घर बांधायला घेतले. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. ते वर्ष महत्त्वाचे आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस इंग्लंडात जाणे थांबले होते आणि मुंबईत पैशांचा पूर आला होता. 1865 साली यादवी संपली, शेअरबाजार कोसळला, पण घराचे काम चालूच राहिले. ते 1871 साली पुरे झाले. खर्च सुमारे 1,75,000 पौंड. या उधळपट्टीवरून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये टीका झाली.

घराची शैली इटालियन ग्रामीण प्रासादाची. अर्धगोल कमानी, लांबलचक इमारत, एका बाजूला उंच मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसची आठवण देणारी. इथे नजर जाते ती मनोऱ्याकडे, त्रिकोणाकडे नव्हे. तरीही हे घर इथे घेतले, कारण व्हिक्टोरियन घराचा आतला नियम त्यात पूर्णपणे पाळलेला आहे. मुख्य इमारत आणि स्वयंपाकघर यांना जोडणारा भुयारी मार्ग या घरात आहे. जेवण येताना दिसू नये, आणणारा तर मुळीच दिसू नये. रॉबर्ट करचे पुस्तक आणि या घराची सुरुवात एकाच वर्षातली, हा योगायोग असेल. विचार मात्र एकच.

22 जून 1897 च्या रात्री याच घरी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला. तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आदल्या काही महिन्यांत प्लेगच्या नावाखाली पुण्यातल्या घराघरांत सैनिक शिरले होते. माजघरांत, देवघरांत, बायकांच्या खोल्यांत. ज्या राज्यकर्त्यांनी स्वतःच्या घरात नोकराची सावलीही दिसू नये म्हणून भुयार खणले, त्यांनी दुसऱ्यांच्या घराचा उंबरठा मानला नाही. त्या संतापाला राजकारणाबरोबर घराचाही संदर्भ आहे. वास्तूच्या इतिहासात ही गोष्ट बहुधा तळटिपेत जाते. ती मुख्य मजकुरात असायला हवी.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात पुणे विद्यापीठाचा कायदा 1948 साली झाला आणि 1949 साली विद्यापीठ सुरू झाले. गणेशखिंडीची चारशे एकरांवरची जागा विद्यापीठाला मिळाली. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर. गव्हर्नरांच्या घरात विद्यापीठाची कचेरी बसली. मेजवान्यांच्या मोठ्या दालनांत विद्यापीठाच्या सभा भरू लागल्या. 2014 साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ज्या पोर्चखाली गव्हर्नरांच्या गाड्या थांबत, त्या इमारतीवर आज सावित्रीबाईंच्या नावाचे विद्यापीठ आपला कारभार चालवते. कोणत्याही भाषणाने झाली नसती एवढी उलथापालथ एका घराच्या वापराने झाली, असे मला वाटते.

असे हे एकटे उदाहरण नाही. परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस मुळात ख्रिस्ती मठ, मग गव्हर्नरांचे घर. 1882 साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे पटकीने दगावली आणि घराचा लौकिक गेला. 1899 साली त्या घरात वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. 1925 पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे. जिथे रोगाने घर रिकामे केले तिथेच रोगावर लस होऊ लागली. सिमल्याचे व्हाइसरॉयचे निवासस्थान हे तर खऱ्या अर्थाने चांदयांचे घर. हेन्री अर्विन यांचे, 1888 साली राहण्यास तयार झालेले, करड्या दगडाचे. राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आली आणि 1965 मध्ये तिचे उद्घाटन झाले. पुण्यातल्या वाचकांना सिमला दूर वाटायचे कारण नाही. हवामान खाते 1928 साली सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात.

कचेरी घराला काय करते

मोठ्या घरांची काळजी घेणारे कोणी ना कोणी निघते. माझी चिंता आहे ती लहान घरांची. तालुक्याच्या गावी, धरणाच्या वसाहतीत, जुन्या रस्त्यांच्या कडेला दोनपाखी बंगले अजून आहेत. त्यांत कुठले तरी उपविभागीय कार्यालय, कुठली तरी शाखा. त्यांची नावे कोणत्याही वारसा यादीत नसतात. मुंबईत वारसा इमारतींसाठी 1995 साली नियम झाले, प्रतवारी झाली. तालुक्याच्या बंगल्यापर्यंत ती पोचलेली नाही.

असा एक बंगला मी काही वर्षे जाता-येता पाहिला. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांचा दोष नव्हता. पुढे चांदई, तिच्यात झिलमिली, दोन्ही बाजूंना व्हरांडा, मागे काटकोनात जोडलेले दुसरे छप्पर. आत शिरले की प्रथम जाणवे ते खाली उतरलेले छत. कधीतरी वातानुकूलन यंत्र बसवले, गारवा राहावा म्हणून आठ-नऊ फुटांवर खोटे छत ठोकले आणि झिलमिली प्लायवुडने बंद केल्या. घराचे नाकच दाबले. वर साठलेली दमट हवा तिथेच राहिली. कैच्यांची जी टोके भिंतीत बसलेली असतात ती सर्वांत आधी कुजतात, कारण ती कोणाला दिसत नाहीत. खोटे छत असल्यावर तर काहीच दिसत नाही.

दुसरी जखम मागच्या जोडावर होती. दोन छपरे काटकोनात भेटतात तिथे आत एक खोलगट कोन तयार होतो. दोन्ही पाखांचे पाणी त्या पन्हळीत येते. तिथे जस्ताचा पत्रा असतो आणि त्यात झाडाची पाने अडकतात. राहत्या घरात माळी किंवा नोकर दर पावसाळ्याआधी ती साफ करी. शाकारणीचाच तो भाग. कचेरीत हे काम कोणाचेच नसते. पान अडकते, पाणी तुंबते, पत्र्याला भोक पडते, गळती सुरू होते. गळतीवर उपाय म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा होतो. तिसरी जखम ती. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना ओल घेतो आणि सोडतो. वर सिमेंटचा थर बसला की आत गेलेली ओल बाहेर येऊ शकत नाही. ती भिंतीतून वर चढते, गिलाव्याला फुगे येतात आणि आतला चुना पीठ होतो.

या तिन्ही दुरुस्त्या चांगल्या हेतूने झाल्या होत्या. प्रत्येकीवर खर्च झाला, बिले निघाली, सह्या झाल्या. शेवटी एका पावसाळ्यानंतर इमारत धोकादायक ठरली आणि निर्लेखनाचा प्रस्ताव गेला. 'निर्लेखन' हा सरकारी शब्द मला फार अचूक वाटतो. नोंदवहीतून नाव पुसणे. भिंती त्यानंतर पडतात. तिथे आता सपाट गच्चीची इमारत आहे. तिच्या गच्चीवर पाणी गळते म्हणून वर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे दोनपाखी छप्पर घातले आहे. पावसाने आपला मुद्दा पुन्हा मांडला आणि तो मान्य करावा लागला.

उपाय मोठे नाहीत. खोटे छत ठोकायचेच तर त्यात वर चढून पाहण्याची झडप ठेवावी आणि झिलमिली उघड्या ठेवाव्यात. वायरी ओढायच्या तर भिंत खोदण्याऐवजी उघड्या नळीतून न्याव्यात. दालनाचे भाग पाडायचे तर पाटिशन छतापर्यंत नेऊ नये, भिंतीत रोवू नये, उद्या काढता येईल असे ठेवावे. दप्तराच्या कपाटांचे ओझे लाकडी तक्तपोशीच्या मधोमध न ठेवता भिंतीकडेला ठेवावे. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा. आणि मृगाआधी पन्हळ साफ करण्याचे काम कोणाच्या तरी नावावर लिहावे. या सगळ्यामागे एकच कसोटी आहे : केलेला बदल पुढच्याला मागे घेता येईल का?

घर कोणी आणि का राखावे

साहेबांची घरे आपण का राखावीत, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. ज्या बंगल्याच्या व्हरांड्यात आपली माणसे उन्हात ताटकळली, त्याच्यासाठी हळवे होण्याचे कारण नाही. पण त्या बंगल्याच्या कैच्या इथल्या सुतारांनी जोडल्या, सागवान इथल्या रानातले, दगड इथल्या खाणीतला, कौल मंगळूरचे. साहेबाचे होते ते वरचे चित्र आणि आत कोणी यावे याचा नियम. त्यातला नियम आपण बदलला आहे. दाखला मागायला आलेली बाई आज पुढच्या दाराने आत जाते आणि एकेकाळी मेमसाहेबांचा दिवाणखाना असलेल्या खोलीत टेबलापुढे उभी राहते. हा बदल ज्या भिंतींत झाला त्या भिंती उभ्या असल्या तरच तो दिसतो. भिंती गेल्या की राहते ती फक्त साहेबाची आठवण, आणि तीही गोड केलेली.

किकवीच्या आसपास रस्ता रुंद होत गेला तशी रस्त्याकडेची कितीतरी जुनी बांधकामे गेली. काही जायलाच हवी होती. पण जी उरली आहेत त्यांत कोणी ना कोणी रोज सकाळी कुलूप उघडून कामाला बसते. माझ्या अनुभवात बंद पडलेल्या घरापेक्षा वापरातले घर जास्त टिकते, अट एवढीच की वापरणाऱ्याला छप्पर कसे चालते ते ठाऊक हवे. अशा एखाद्या कचेरीत काम निघाले तर रांगेत उभे असताना वर बघावे. आढे दिसते का, झिलमिलीतून उजेड येतो का, हे पाहावे. नसेल येत, तर तिथल्या साहेबांना एवढेच विचारावे की वरची हवा बाहेर कुठून जाते.